चाकं जमिनीवर टेकल्यावर

रविवारी दुपारी भंगारवाला व्हॅन न्यायला येणार होता, म्हणून धाकटीने सकाळी उठल्या उठल्या पहिलं काम केलं ते गाडीच्या किल्ल्या ताब्यात घेण्याचं. दोन्ही. एक तिच्याच पर्समध्ये असायची, दुसरी बाबांच्या कपाटात. ती कपाट उघडत होती तेव्हा बाबा दाढी करत होते. त्यांनी आरशातूनच पाहिलं.

"किल्ली घेऊन काय होणार? त्यांच्याकडे ओढून न्यायची गाडी असते."

"मग मी आत बसून राहीन," धाकटी म्हणाली. "माझ्यासकट ओढून नेऊ देत."

"नेतील. तुझा वेगळा भाव लावतील."

धाकटीने चाळिशी ओलांडली होती, पण घरात आणि गॅरेजात तिला अजून धाकटीच म्हणत. गॅरेज बाबांचं. तिथला मुख्य मिस्त्री तिचा मोठा भाऊ, दादा. आणि जुनी व्हॅन धाकटीकडे. कागदोपत्री तीही बाबांचीच, पण तिच्या स्टिअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागून कितीतरी वर्षं झाली होती. डायलिसिसच्या पेशंटना घरून उचलायचं, केंद्रावर सोडायचं आणि नंतर गळून गेलेल्या त्या माणसांना सांभाळून परत घरी पोचवायचं, हे काम तिने स्वतः शोधून स्वतः उभं केलं होतं. त्याआधी ती गॅरेजातल्या कोपऱ्यात बसून फोन घ्यायची आणि दादाचे पाने पुसून ठेवायची. व्हॅन गेली की त्याच खुर्चीत परत बसावं लागणार, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ती खुर्ची अजून तिथेच होती.

सगळं त्या आवाजामुळे झालं. खड्डा आला, स्पीडब्रेकर आला, नुसतं कुणी गाडीत चढलं-उतरलं तरी पुढच्या चाकांच्या मधून असा आवाज यायचा, की एखादं गंजलेलं फाटक कुणी मुद्दाम सावकाश उघडतंय. दादाने आधी तेल मारून पाहिलं, मग ग्रीस भरलं. शेवटी त्याने बुश बदलले. पुढचं चाक ज्या लोखंडी आर्मवर तोललेलं असतं, तो आर्म गाडीच्या सांगाड्याला जोडतात तिथे रबराचे जाड गोळे बसवतात, ते हे बुश. नवे बुश पडले की व्हॅन दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी फाटक पुन्हा उघडायला सुरुवात. दादाने दुसरा जोड टाकला. तीच गत.

शुक्रवारी केंद्रातल्या मॅडमनी धाकटीला बाजूला घेतलं. "पेशंटना त्रास होतो. सोमवारपासून हा आवाज चालणार नाही. नाहीतर आम्हाला दुसरी गाडी बघावी लागेल."

टायपिस्टबाई तेव्हा व्हीलचेअरवर तिथेच होत्या. सरकारी कचेरीत टायपिंग करून निवृत्त झालेल्या, धाकटीच्या सर्वांत जुन्या पेशंट. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमची ही खुर्ची सकाळपासून कुईकुई करतेय, तिला कधी काढताय?" मॅडम हसल्या, पण सोमवार काही मागे घेतला नाही.

घरी आल्यावर धाकटीने हे सांगितलं आणि तिथे चुकलं. बाबांनी जेवता जेवता निकाल दिला. गाडी भंगारात.

"आवाजासाठी?" तिला वाटलं, थट्टा करताहेत.

"आवाजासाठी नाही. गॅरेजवाल्याच्या घरची गाडी गल्लीत कोकलत फिरते. गिऱ्हाईक काय म्हणेल? यांना स्वतःची दुरुस्त करता येत नाही, माझी काय करणार?"

"म्हणजे तुम्हाला लाज वाटते म्हणून माझी गाडी कापायची."

"माझी गाडी," बाबा म्हणाले आणि पाणी प्यायले. दादा ताटातून नजर वर करेना.

शनिवारी संध्याकाळी, सगळे पेशंट पोचवून झाल्यावर, धाकटी गॅरेजच्या कचऱ्याच्या पिंपाशी बसली होती. दादाने काढून टाकलेले जुने बुश तिने बाहेर काढले. तिला ते फेकून मारायचे होते. कुणाला, हे ठरलेलं नव्हतं. हातात घेतल्यावर मात्र ती बघत राहिली. रबर झिजलेलं नव्हतं. ते फाटलं होतं आणि तेही सरळ नव्हतंच. चिरा सगळ्या एकाच बाजूला तिरक्या गेल्या होत्या. चादर पिळताना दोन टोकं उलटी फिरवली की मधे वळ्या पडतात, तशा. तिने दुसरा बुश पाहिला. तशाच वळ्या. हे रबर घासून गेलं नव्हतं, कुणीतरी ते पिळून ठेवलं होतं.

कोण पिळणार? आपणच.

तिने त्याच पावली दुकान गाठलं आणि बुशचा नवा जोड आणला.

रविवारी सकाळी ती तो जोड घेऊन शेडमध्ये गेली तेव्हा बाबा त्यांच्या स्टुलावर बसले होते आणि दादा चहा घेत होता.

"शेवटचं एकदा उचलू द्या," ती म्हणाली.

"भंगारात जाणाऱ्या गाडीला नवे बुश?" दादा म्हणाला. "सरणावर चढताना नवीन चपला."

"चपला माझ्या आहेत. तू जॅक लाव."

बाबांनी हात हलवून परवानगी दिली. दुपारपर्यंत वेळ जायला हवाच होता. व्हॅन जॅकवर चढली, खाली आधाराला लोखंडी घोड्या लागल्या, पुढची चाकं निघाली. दादाचा हात सफाईचा होता. त्याने आर्म सोडवले, फाटलेलं रबर दाबयंत्राने काढलं, नवं बसवलं, आर्म जागेवर लावले आणि लांब बोल्ट आत सारले. मग त्याने मोठा पाना उचलला.

"थांब," धाकटी म्हणाली. "हे आवळू नको. नुसते हाताने बसव. गाडी खाली उतरवू, चाकांवर वजन आलं की मग आवळू."

दादाचा पाना हवेतच राहिला. त्याने तिच्याकडे नाही, बाबांकडे पाहिलं.

त्या शेडमध्ये एक नियम होता आणि तो भिंतीवर लिहायची कधी गरज पडली नव्हती. जॅकवरच्या गाडीचा एकही बोल्ट सैल असताना गाडी खाली यायची नाही. काम झालं की बाबा स्वतः छोटी हातोडी घेऊन खाली जायचे, बोल्टामागून बोल्ट वाजवून बघायचे, बाहेर यायचे आणि म्हणायचे, "उतरव." तो शब्द दुसऱ्या कुणी उच्चारायचा नाही. दादाने तिशीत असताना एकदा उच्चारला होता, तेव्हा आठवडाभर त्याच्याशी कुणी बोललं नव्हतं. नियमाला कारण होतं. धाकटीच्या जन्माआधी एका कारागिराने चाकाचे नट हातानेच फिरवले, गाडी उतरवली, आता आवळतो म्हणाला आणि कुणीतरी हाक मारली म्हणून बाहेर गेला. गिऱ्हाईक गाडी घेऊन निघून गेलं. उतारावर चाक निखळलं. त्या गिऱ्हाइकाचा पाय गेला. बाबा त्याला भेटायला इस्पितळात जात राहिले. किती दिवस, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

म्हणून धाकटीने शक्य तेवढ्या शांतपणे सांगायचा प्रयत्न केला. तिने फाटका बुश बाबांसमोर धरला.

"हे बघा. गाडी वर असते तेव्हा आर्म खाली लोंबतो. आपण तसाच आवळतो. बोल्ट आवळला की रबर त्या जागी पकडलं जातं. मग गाडी उतरली, वजन आलं, की आर्म वर जातो आणि रबर पिळलं जातं. गाडी नुसती उभी असली तरी पिळलेलंच. ते फाटणार नाही तर काय करणार? आणि फाटलं की ओरडणारच."

बाबांनी बुश हातात घेतला. उलटासुलटा केला. अंगठ्याने चीर दाबून पाहिली. क्षणभर तिला वाटलं, पटलं.

"रबर खराब येतं हल्ली," ते म्हणाले. "आवळ रे."

"बाबा, दोन्ही जोड खराब आले?"

"इथे सैल बोल्टवर गाडी उतरलेली नाही आणि उतरणार नाही."

"दादा, तू सांग. तू तरी बघ हे."

दादाने बुशकडे पाहिलं. त्याला दिसलं, हे तिला दिसलं. तो म्हणाला, "कशाला उगाच, बारके," आणि पाना लावला.

धाकटीने पुढे होऊन त्याच्या हातातून पाना घेतला. "मी आवळते."

तिने चारही बोल्ट स्वतः आवळले, दात-ओठ खाऊन, शेवटच्या अर्ध्या आट्यापर्यंत. इतकं निमूटपणे, की बाबांच्या कपाळावर आठी पडली. पण खोड काढायला जागा नव्हती. ते हातोडी घेऊन खाली गेले, वाजवून आले, गुडघ्यांवर हात ठेवून सरळ झाले. "उतरव."

व्हॅन उतरली. दादाने बोनेटवर दोन्ही हात टेकून गाडी खालीवर दाबली. आवाज नाही.

"बघ, गप्प झाली," बाबा म्हणाले.

"दोन दिवस," धाकटी म्हणाली. ती गाडीत बसली, इंजिन सुरू केलं आणि व्हॅन शेडबाहेर काढली.

"कुठे निघाली?" बाबांनी दादाला विचारलं.

ती कुठेच गेली नाही. शटरच्या समोर रस्त्याच्या कडेला सुताराचं दुकान होतं. त्याच्याकडून तिने रात्रीच जाड फळ्या मागून ठेवल्या होत्या. दोन-दोन फळ्या पायरीसारख्या रचून तिने व्हॅनची पुढची चाकं त्यांवर चढवली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले. गाडी स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या वजनाने उभी, आणि खाली एक माणूस सरपटत जाईल एवढी जागा. मग तिने केस ओढणीत बांधले, सुताराच्या कानावरची पेन्सिल मागून घेतली आणि पाना घेऊन रस्त्यावर पाठ टेकली.

आत गेल्यावर तिने आधी खूण केली. बुशच्या मधे बोल्ट जिच्यातून जातो त्या लोखंडी नळीपासून आर्मवर जाईल अशी एक सरळ रेघ, प्रत्येक बोल्टाशी. मग पाना लावला.

"काय करतेस तू?" बाबांचा आवाज शटरपाशी आला होता.

"सैल करते."

"बाहेर ये."

"नाही."

"सैल बोल्टच्या गाडीखाली झोपलीस? बाहेर ये म्हणतो!" आता तो राग नव्हता नुसता. तो आवाज तिने लहानपणी एकदाच ऐकला होता, ती विहिरीच्या कठड्यावर चढली होती तेव्हा. तिने पाना थांबवला.

"बाबा, ऐका. गाडी चाकांवर उभी आहे, बोल्टवर नाही. बोल्ट काढत नाहीये, दोन आटे सैल करतेय. आणि आवळल्याशिवाय मी इथून उठणार नाही, कुणीही हाक मारली तरी. तुम्ही मारली तरी."

तिने पान्यावर जोर दिला. पहिला बोल्ट कुरकुरून सुटला. मग दुसरा. चारही सैल झाले, पण गाडी वर-खाली हलल्याशिवाय रबर मोकळं होणार नव्हतं, आणि खाली झोपून तिला ती हलवता येत नव्हती.

"कुणीतरी बोनेट दाबा," ती ओरडली.

सुतार पुढे झाला, मग त्याला बाबा दिसले आणि त्याला दुकानात काहीतरी आठवलं. रस्त्यावर पाच-सहा माणसं जमली होती. तिला गाडीखालून फक्त पाय दिसत होते, आणि एकही जोडी पुढे येईना. मग शटरच्या आतल्या अंधारातून ग्रीसने काळे पडलेले बूट निघाले, उंबऱ्याशी थांबले, आणि ओलांडून बाहेर आले.

"मी शेडच्या बाहेर आहे, बाबा," दादा म्हणाला. आणि त्याने बोनेट दाबलं.

गाडी खाली गेली, वर आली. पुन्हा खाली, पुन्हा वर. तिसऱ्या वेळेला बुशमधून "टक्" असा आवाज आला, बोट मोडल्यासारखा. दुसऱ्या बाजूलाही आला. धाकटीने बॅटरीचा उजेड धरला. तिची सरळ रेघ तुटली होती. नळीवरचा तुकडा एकीकडे, आर्मवरचा दुसरीकडे, मधे बोटभर अंतर.

"दादा, खाली ये आणि बघ."

तो तिच्या शेजारी सरपटत आला. लहानपणी दोघं पलंगाखाली लपायची तशी त्यांची डोकी जवळ आली. त्याने रेघ पाहिली, बोटाने मोजली.

"आयला," तो हळूच म्हणाला. मग मोठ्याने, बाहेरच्यांसाठी, "बाबा, बोटभर सरकलंय. एवढा पीळ बसला होता. सकाळी बसवलेल्या नव्या रबराला."

बाबांच्या चपला शटरपासून गाडीपर्यंत आल्या. त्याच वेळी त्यांच्याशेजारी आणखी दोन पाय येऊन थांबले, लाल बुटांतले.

"व्हॅन हीच ना?" लाल बूट म्हणाले.

"हीच," बाबा म्हणाले.

"खाली कुणीतरी आहे."

"माझी मुलगी आहे."

"कधी निघतील त्या?"

"गाडीबरोबर," धाकटी खालून म्हणाली. "आणि गाडी निघत नाही."

जमलेल्यांत कुणीतरी हसलं. भंगारवाला म्हणाला, त्याने आज दुसरं काम सोडून गाडी ओढायचा ट्रक आणलाय, हा पोरखेळ नाही. धाकटीने पाना लावला आणि चारही बोल्ट पुन्हा आवळले, आता चाकांवर वजन असताना. खांदा दुखेपर्यंत. मग सगळ्यांवर पान्याने एकेकदा ठोकलं. बाहेर आली तेव्हा पाठीला रस्त्याची सगळी माती लागली होती आणि गालावर ग्रीसचा पट्टा होता.

"सगळं आवळलंय," ती बाबांना म्हणाली. "बघायचं असेल तर खाली जाऊन बघा."

बाबा वाकले नाहीत. त्यांनी व्हॅनचं दार उघडलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. भंगारवाल्याला काचेतून म्हणाले, "थांबा जरा."

धाकटीने गाडी फळ्यांवरून उतरवली आणि मुद्दाम वाईट रस्ता धरला. पाइप टाकून अर्धवट बुजवलेला चर, शाळेसमोरचे तीन स्पीडब्रेकर, कोपऱ्यावरचा तो खड्डा, ज्याला सगळे गाडीवाले चुकवतात. ती त्यात मुद्दाम घातली. बाबा मान खाली घालून, डावा कान खिडकीकडे करून ऐकत होते. इंजिन ऐकू येत होतं, टायर ऐकू येत होते. पुढून काही नाही. बराच वेळ काही नाही.

"मागचं दार वाजतंय," बाबा म्हणाले.

"वाजू दे. ते उद्या."

"दोन दिवसांनी परत ओरडली तर?"

"तर परत खोलीन. रस्त्यावर खोलीन, सगळ्यांसमोर. ओरडेल तितक्यांदा खोलीन. पण विकायची नाही."

"गाडी माझ्या नावावर आहे."

धाकटीने व्हॅन कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. "मग नावाचं आत्ताच ठरवा. मी इथून हलत नाही. ट्रकवाला उभा आहे, तुमचं गिऱ्हाईक येऊन बसलं असेल. मला काही घाई नाही, आज रविवार आहे."

बाबांनी घड्याळाकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. चालत परत जाण्याइतके त्यांचे गुडघे बरे नव्हते आणि हे दोघांनाही माहीत होतं.

"तुझी आई असती तर—"

"आई असती तर मागच्या सीटवर बसली असती. माझ्या बाजूने."

बाबांच्या तोंडातून एक आवाज निघाला. हसू होतं की उसासा, तिने शोधायच्या भानगडीत पडायचं नाही असं ठरवलं.

"त्या माणसासाठी केला तो नियम," ते म्हणाले. "पाय गेला त्याचा."

"माहीत आहे मला. मी सैल बोल्ट घेऊन चाललेय का बाबा? आवळले ना. तुमच्याइतकेच घट्ट आवळले. फक्त कधी, ते वेगळं."

"शेडमध्ये नाही चालायचं ते. मी असेपर्यंत नाही."

"ठीक. गाडी?"

त्यांनी डॅशबोर्डवर बोटाने दोनदा टकटक केलं, बोल्ट वाजवतात तसं. "कर नावावर," ते म्हणाले. "आता चल. त्या लाल बूटवाल्याला काय सांगायचं ते तू सांग."

ती गॅरेजपाशी आली तेव्हा भंगारवाला ट्रकला टेकून उभा होता आणि दादा त्याला चहा पाजत होता. धाकटीने काच खाली केली. "गाडी मिळणार नाही. तुमचा चहा झाला की ट्रक काढा, मला इथे लावायची आहे."

"आज नाही, की—"

"नाही."

भंगारवाल्याने बाबांकडे पाहिलं. बाबा दार धरून खाली उतरत होते. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. शेडमध्ये एक टेम्पो उभा होता, पुढून तसाच ओरडणारा, आणि मालक जवळ उभा राहून वाट बघत होता. बाबा आपल्या स्टुलावर बसले. दादा जॅकशी जाऊन घुटमळला, टेम्पोकडे, बाबांकडे, बाहेर धाकटीकडे बघत.

"काय रे," बाबा म्हणाले, "इथे काम कसं करायचं ते नव्याने सांगू?"

"नाही. वर उचलतो, बुश टाकतो, सगळं आवळतो, तुम्ही वाजवा, मग उतरवतो." दादाने पाना खांद्यावर टाकला. "त्यानंतर गाडी तिच्याकडे रस्त्यावर जाईल."

बाबांनी हातोडी उचलून मांडीवर घेतली. तेवढ्यात सुतार आपल्या फळ्या न्यायला आला. त्याने पहिली उचलली तशी धाकटीने दुसऱ्या टोकावर पाय ठेवला.

"राहू द्या," ती म्हणाली, शेडमध्ये ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "उद्यापासून रोज लागतील."